उशिरा झालेली वारसनोंद कशी वाचायची? घराण्याचा इतिहास शोधणाऱ्यांसाठी माहिती

आपल्या समाजातल्या अनेक घरांची वंशावळ पणजोबांच्या नावाशी येऊन थांबते. त्यापुढचे शोधायला तरुण मुले तहसील कचेरीत जातात, नक्कल मिळवतात आणि कागद हातात आल्यावर गोंधळतात. घरातली म्हातारी माणसे सांगतात की खापरपणजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वारले. फेरफार मात्र १९६१ सालचा निघतो. मग कोणी म्हणते घरच्यांची आठवण चुकली, कोणी म्हणते कागद दुसऱ्याच कुणाचा आहे. बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात. माणूस वारला तेव्हा वारला. त्याच्या वारसांची नोंद मात्र वीस वर्षांनी झाली.

असा उशीर गावच्या फेरफारात दिसतो, तसाच मुंबईच्या उच्च न्यायालयातल्या प्रोबेट प्रकरणांतही दिसतो. तो नीट वाचता आला तर घराण्याच्या इतिहासातली बरीच कोडी सुटतात. हा लेख त्यासाठी आहे.

एका मृत्यूच्या चार तारखा

वारसाच्या कोणत्याही कागदात चार वेगवेगळ्या तारखा असू शकतात. पहिली, माणूस वारल्याची. दुसरी, वारसांनी तलाठ्याकडे वर्दी दिल्याची किंवा कोर्टात अर्ज केल्याची. तिसरी, नोंद लिहिल्याची. चौथी, ती नोंद मंडळ अधिकाऱ्याने मंजूर केल्याची किंवा कोर्टाने आदेश दिल्याची.

यातली पहिली तारीख सर्वांत कच्ची असते. 'सुमारे १२ वर्षांपूर्वी मयत' असे लिहिलेले असेल तर ते वारसाने तोंडी सांगितलेले आहे. ते जन्म-मृत्यूच्या रजिस्टरातून उतरवलेले नाही. इतर तीन तारखा सरकारी कामकाजाच्या असल्याने पक्क्या असतात, पण त्या मृत्यूविषयी काही सांगत नाहीत. त्यामुळे वंशावळीत 'मृत्यू : १९६१' असे लिहू नये. 'वारसनोंद १९६१, मृत्यू त्याआधी' असे लिहावे. एवढी शिस्त पाळली तरी पुढच्या निम्म्या चुका टळतात.

कायद्याने हा उशीर कधीच अपेक्षित नव्हता. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे वारसाने जमिनीवर हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. कलम १५० प्रमाणे त्याची फेरफार नोंदवहीत नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते आणि हरकत आली नाही तर नोंद मंजूर होते. प्रत्यक्षात तीन महिन्यांची तीस वर्षे झाली, असे कितीतरी ठिकाणी दिसते.

आपल्याकडे उशीर का झाला?

आळस आणि अज्ञान ही कारणे सगळेच देतात. आपल्या बाबतीत मोठे कारण वतनात आहे.

जुन्या मुंबई इलाख्यात महारांकडे असलेली जमीन बहुधा वतनाची होती. गावकामगाराच्या सेवेच्या बदल्यात ती मिळालेली. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने ती सरकारच्या परवानगीशिवाय वतनदारांबाहेर कायमची देता येत नसे. जमीन अनेकदा साऱ्या भावकीची मिळून असे, कसणे पाळीपाळीने चाले, आणि कागदावर एकदोन जुनी नावे तशीच राहत. विक्री नाही, गहाण नाही, वाटणी करावी एवढे क्षेत्रही नाही. अशा जमिनीच्या कागदावर मेलेल्या माणसाचे नाव राहिले तरी कुणाचे काही अडत नव्हते. त्यातच तरुण माणसे मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत गेलेली. वर्दी देणार कोण?

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले, ते ही गुलामगिरी तोडण्यासाठी. वतने प्रत्यक्षात रद्द झाली ती मात्र मुंबई कनिष्ठ गाव वतने निर्मूलन अधिनियम, १९५८ ने. तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. या कायद्याने वतन जमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरलेल्या मुदतीत आकाराच्या तिप्पट रक्कम भरणाऱ्या वतनदाराला त्या पुन्हा मिळण्याची, म्हणजे रीग्रँटची, तरतूद झाली. अशी परत मिळालेली जमीन नवीन अविभाज्य शर्तीची असते.

आता विचार करा. रक्कम भरायची तर जिवंत माणसाच्या नावाने भरावी लागणार. कागदावर नाव १९४२ साली वारलेल्याचे. मग वारसनोंद आली. म्हणून १९५९ नंतरच्या काही वर्षांत तुमच्या गावी एकदम उशिराच्या नोंदी दिसल्या, तर आधी हा कायदा आठवा. त्या नोंदीचे कारण वीस वर्षांपूर्वीच्या मृत्यूत शोधू नका, त्या वर्षी काय घडले त्यात शोधा.

उशिराच्या नोंदीला नेहमी असे एखादे निमित्त असते. धरणात, कालव्यात किंवा एमआयडीसीत जमीन गेली आणि मोबदल्यासाठी वारस लागले. सोसायटीचे कर्ज काढायचे होते. भावकीत वाद झाला. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचे गट नंबर झाले. निमित्त सापडले की त्या प्रकरणाची वेगळी फाईलही सापडण्याची शक्यता असते. तिच्यात जबाब असतात, पंचनामा असतो, कधी हाताने काढलेली वंशावळही असते. एका ओळीच्या फेरफारापेक्षा ही फाईल शंभर पटीने मोलाची.

गावच्या दप्तरात काय कुठे असते?

गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. गाव नमुना ६-क म्हणजे वारस प्रकरणांची नोंदवही. आधी ६-क मध्ये वारसांची चौकशी लिहिली जाते, मग ६ मध्ये फेरफार होतो आणि त्यानंतर सातबाऱ्यावर नाव चढते. बहुतेक मुले फक्त सातबारा पाहतात. इतिहास शोधणाऱ्याने उलटे चालावे. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात फेरफार क्रमांक असतो, तो धरून फेरफार काढावा, आणि तिथून ६-क कडे जावे.

वतन आणि इनाम जमिनींसाठी गाव नमुना ३, म्हणजे दुमाला जमिनींची नोंदवही, पाहावी. मृत्यूची तारीख हवी असेल तर कोतवाल बुक पाहावे. कोतवालाने गावातल्या जन्म-मृत्यूंची ठेवलेली ही जुनी वही. ती बऱ्याच तहसील कार्यालयांच्या अभिलेख कक्षात आहे. तिच्यात मृताचे नाव, जात, वय आणि मृत्यूचे कारण अशी माहिती मिळते. शाळेचे जनरल रजिस्टरही विसरू नका. मुलाच्या नावापुढे वडिलांच्या जागी पालक म्हणून चुलत्याचे नाव असेल, तर वडील त्याआधीच वारले असण्याची शक्यता तपासावी.

मराठवाड्यात वाट थोडी वेगळी आहे. तिथे निजामी राजवटीतले कागद उर्दूत मिळतात आणि १९५४ चे खासरा पत्रक हा शोधाचा मोठा आधार असतो. पश्चिम महाराष्ट्रातले जुने दप्तर मोडीत असते. मोडी वाचणारा माणूस आधी शोधून ठेवावा, किंवा आपल्यापैकी दोघातिघांनी मोडी शिकावी. अभिलेखागाराचे अभ्यासवर्ग अधूनमधून होत असतात.

राज्य सरकारच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर अनेक तालुक्यांचे जुने फेरफार आणि सातबारे स्कॅन करून ठेवले आहेत. आधी तिथे पाहावे. तिथे न मिळाल्यास नक्कलेचा अर्ज करावा. अर्ज करूनही दाद लागली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत. कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती मोजके अपवाद वगळता नाकारता येत नाही, हे अर्जात लिहावे.

फेरफारातले शब्द

जुना फेरफार वाचताना हे शब्द वारंवार येतात.

• वल्द, बिन : अमक्याचा मुलगा.

• कोम : अमक्याची बायको. स्त्रीच्या नावानंतर 'कोम' आणि पुढे नवऱ्याचे नाव असते.

• मयत : वारलेला. नुसत्या या शब्दावरून मृत्यू कधी झाला ते कळत नाही.

• अ.पा.क. : अज्ञान पालनकर्ता. वारस त्या वेळी सज्ञान नव्हता आणि पुढे नाव असलेली व्यक्ती त्याची पालक होती. यावरून वारसाच्या वयाचा अंदाज बांधता येतो.

• ए.कु.मॅ. किंवा ए.कु.क. : एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा कर्ता. एकट्या थोरल्या भावाचे नाव दिसले म्हणून इतर भाऊ नव्हते किंवा त्यांचा हक्क नव्हता, असे समजू नये.

• इतर हक्क : सातबाऱ्यावरचा वेगळा रकाना. कर्जाच्या बोज्यासोबत कधी बहिणींची, विधवांची नावे इथे टाकलेली सापडतात.

नावांच्या बाबतीतही सावध राहावे. जुन्या कागदांत आपल्या लोकांच्या नावाला 'नाक' जोडलेले असते आणि आडनावाच्या जागी सरळ 'महार' लिहिलेले असते. त्याच घराण्याचे नातू पुढे गावावरून किंवा कुळावरून घेतलेल्या आडनावाने येतात. दोन भावांनी दोन आडनावे लावलेलीही आढळतात. म्हणून आडनावावरून शोधू नका. गट किंवा सर्व्हे नंबर धरा, बापाचे नाव धरा.

आणखी एक खूण. खातेदाराच्या जागी मुलगा न येता एकदम नातू आले, तर मधली पिढी नोंद होण्याआधीच संपलेली असते. अशा फेरफारात एका दमात दोन मृत्यू लपलेले असतात.

मुंबईची गोष्ट : प्रोबेट

मृत्युपत्र खरे आहे असे कोर्टाने शाबीत करून दिलेला दाखला म्हणजे प्रोबेट. १८७० च्या हिंदू विल्स कायद्यात हिंदू, जैन आणि शिखांबरोबर 'बौद्ध' हा शब्द होता. पुढे तो भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ५७ मध्येही आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी हद्दीत, म्हणजे मुंबई शहरात, केलेल्या किंवा तिथल्या स्थावर मिळकतीविषयीच्या अशा मृत्युपत्रावर कोर्टात हक्क सांगायचा तर कलम २१३ प्रमाणे प्रोबेट लागत असे. गावी केलेल्या आणि गावच्याच जमिनीच्या मृत्युपत्राला ते सक्तीचे नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कलम २१३ वगळले. तरी जुनी प्रकरणे कोर्टाच्या दप्तरात आहेतच, आणि इतिहास शोधणाऱ्याला तीच हवी असतात.

गिरणीतल्या आणि गोदीतल्या आपल्या माणसांपैकी मृत्युपत्र करणारे थोडे होते. पण शिक्षक, कारकून, रेल्वेतले कर्मचारी अशी पहिली नोकरदार पिढी तयार झाली, सोसायटीतली खोली आली, विमा आणि फंड आला, आणि कोर्टाचे कागदही आले. मृत्युपत्र नसेल तर 'लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन' म्हणजे मिळकतीच्या व्यवस्थेचे अधिकारपत्र, येणे रकमा व रोख्यांसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, आणि मुंबई रेग्युलेशन ८, १८२७ खाली दिवाणी कोर्टाचा वारस दाखला, असे मार्ग होते. प्रोबेट सापडले नाही तर हे तिन्ही तपासावेत.

इथे उशीर तर खजिनाच ठरतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या नियमांप्रमाणे मृत्यूनंतर तीन वर्षांनी पहिल्यांदा प्रोबेट मागितले, तर उशिराचे कारण अर्जात सांगावे लागते. म्हणजे वेळेवर केलेल्या अर्जात जे कधीच लिहिले जात नाही ते उशिराच्या अर्जात लिहिलेले असते. मृत्युपत्र पेटीत होते आणि आई वारल्यावर सापडले. थोरला भाऊ बाहेरगावी होता. मुले लहान होती. खोलीचे नाव बदलायची वेळ आली तेव्हा सोसायटीने कागद मागितला. कुटुंबाची वीस वर्षांची हकिकत एका परिच्छेदात मिळते, तीही प्रतिज्ञेवर. अर्थात कोर्टाला पटावी म्हणून ती लिहिलेली असते, हे लक्षात ठेवून वाचावी.

याशिवाय अर्जात मृत्यूची तारीख आणि ठिकाण, वारसांची नावे व नाती आणि मिळकतीची यादी असते. मूळ मृत्युपत्र कोर्टाकडेच राहते.

शोधताना तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, प्रकरणाचा क्रमांक अर्जाच्या वर्षाचा असतो, मृत्यूच्या वर्षाचा नव्हे. माणूस १९५८ साली वारला असेल तर १९५८ ची यादी पाहून थांबू नये, पुढची पंचवीसतीस वर्षे चाळावीत. दुसरी, अज्ञान व्यक्तीला प्रोबेट देता येत नाही. त्यामुळे धाकटे मूल सज्ञान झाल्याचे वर्ष काढून त्याच्या आसपास शोधावे. तिसरी, ज्याच्या नावे प्रोबेट मिळाले तोच काम पूर्ण होण्याआधी वारला, तर उरलेल्या मिळकतीसाठी पुन्हा अधिकारपत्र घ्यावे लागते. म्हणून एका माणसाची दोन प्रकरणे निघू शकतात, आणि दुसऱ्यात बहुधा पुढच्या पिढीची नावे असतात.

मृत्युपत्र नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकाकडे पुस्तक क्रमांक ३ मध्ये त्याची नोंद असते. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतर त्याची नक्कल कुणीही अर्जदार मागू शकतो. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ मध्ये हे स्पष्ट आहे.

जी नावे नाहीत ती

उशिराच्या नोंदीत सर्वांत जास्त गळतात त्या बाया. मुलगी लग्न होऊन गेलेली, तिला नोटीस कोण देणार? 'यांना याशिवाय वारस नाही' असे दोन पंच सांगत आणि नोंद मंजूर होई.

१७ जून १९५६ पासून हिंदू उत्तराधिकार अधिनियम लागू झाला. तो कलम २ प्रमाणे बौद्धांनाही लागू आहे. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या चार महिने आधी मुलीला बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलाबरोबर वाटा मिळाला होता, आणि धर्मांतराने तो गेला नाही. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला. तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. देशभर सर्व मुलींना तो २००५ मध्ये मिळाला. यासाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलावरून मंत्रिपद सोडले. आणि आपल्याच वंशावळीत आत्या आणि आजी नसतील तर आपण काय वाचले?

म्हणून वंशावळ फक्त फेरफारावरून उतरवू नये. घरातल्या म्हाताऱ्या बायांना आधी विचारावे. माहेर कुठले, बहिणी किती, कोणत्या गावी दिल्या. नंतर कागद पाहावा आणि जी नावे कागदात नाहीत तीही वंशावळीत लिहून पुढे 'फेरफारात नाही' अशी नोंद करावी.

यातून हक्काचा प्रश्न निघेल, काही घरांत तो झोंबेलही. फेरफार ही महसुली नोंद आहे. ती उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, पण तिने मालकी मिळत नाही आणि तिच्यात नाव नाही म्हणून वारसाचा हक्क आपोआप बुडत नाही. दावा करायचा की नाही, मुदत गेली का, हे वकिलाला विचारावे. नाव लिहायला मात्र वकील लागत नाही.

जात पडताळणीसाठी उपयोग

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. बऱ्याच मुलांकडे पणजोबांचा जुना कागद असतो. त्यावर 'महार' असते, आडनाव नसते. मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध' असते आणि आडनाव असते. दोघांचे नाते जोडणारा कागद मध्ये नसतो आणि प्रकरण अडते. उशिराची वारसनोंद हीच कडी असते. तिच्यात मयत खातेदार जुन्या नावाने असतो आणि वारस नव्या आडनावाने. नोंद १९५० नंतरची आहे म्हणून ती निरुपयोगी समजू नये. १९५० पूर्वीच्या कागदासोबत ती जोडावी. तिचे काम नाते सिद्ध करण्याचे आहे.

सुरुवात कुठून करायची?

एक वही घ्या. प्रत्येक पूर्वजासाठी एक पान आणि त्या पानावर वरच्या चार तारखांचे चार रकाने. जी तारीख मिळाली ती लिहा, सोबत कोणत्या कागदावरून मिळाली तेही लिहा. मृत्यू आणि नोंद यांत तीन वर्षांहून जास्त अंतर असेल तर शेजारी प्रश्न लिहा : त्या वर्षी नोंद करायची गरज कोणाला पडली? मग आजचा सातबारा, त्यावरचे फेरफार क्रमांक, ६-क, कोतवाल बुक, शाळेचे रजिस्टर, या क्रमाने मागे जा. गट नंबरवरून जुना सर्व्हे नंबर काढून घ्या, नाहीतर एकत्रीकरणापाशी वाट बंद होते. मुंबईतल्या शाखेसाठी कोर्टाची प्रकरणे वेगळी पाहा. एकेकट्याने न करता विहारातल्या दहाबारा मुलांनी मिळून एका गावाचे दप्तर पाहिले, तर भावकीच्या नोंदी एकमेकांना पुरावा होतात.

आणि एक काम आजचे. घरात कुणी वारले असेल तर मृत्यूची नोंद २१ दिवसांत आणि वारसाची वर्दी तीन महिन्यांत द्या. मुली, सुना, विधवा, सर्वांची नावे घालून द्या. पन्नास वर्षांनी कुणीतरी आपलाही कागद शोधणार आहे.